क्षणाचा दाब आणि वर्षांचा दाब

शरीराच्या अंतर्गत कारभारातील बहुतेक कामे माणसाच्या इच्छेला विचारून होत नाहीत. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, मूत्रपिंडांतील गाळणी, रक्तवाहिन्यांचे आकसणे आणि सैलावणे ही सारी कामे स्वायत्त चेतासंस्थेच्या, म्हणजे जाणिवेच्या आड राहून शरीर सांभाळणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या, हाती असतात. श्वास या नियमाला अर्धा अपवाद आहे. तो झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी मनात आणले तर लांबवता येतो, आखडता येतो, काही काळ रोखताही येतो. आपोआप चालणाऱ्या कारभारात इच्छेला शिरकाव करून देणारी एवढी मोठी वाट दुसरी नसल्यामुळे, तिच्यावरून चालत जाऊन हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्यापर्यंत पोहोचता येईल काय, हा प्रश्न हठयोग्यांना पडला आणि पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञांनाही पडला. उच्च रक्तदाबावर श्वसनाचे व्यायाम कितपत उपयोगी, ही आजची चर्चा त्याच जुन्या प्रश्नाचे अलीकडचे रूप आहे. तिचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देण्याची घाई दोन्ही बाजूंनी होते आणि ती फसते, कारण ‘रक्तदाब’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात: या क्षणी धमनीत असलेला दाब, आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे धमन्यांना सोसावा लागणारा सरासरी दाब. श्वासाची पहिल्यावरील सत्ता निर्विवाद आहे. दुसऱ्यावरील सत्ता सिद्ध करावी लागते, आणि जेवढी सिद्ध झाली असेल तेवढीच मानावी लागते.

रक्तदाबाचे पहिले मोजमाप झाले तेव्हापासूनच त्याचे अस्थिर रूप दिसत आले आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि प्रयोगशील शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोडीच्या धमनीला काचेची लांब नळी जोडून केलेल्या प्रयोगाचे वर्णन आहे. नळीत रक्त ८ फूट ३ इंच एवढ्या उंचीवर चढले आणि तेथे स्थिर न राहता खालीवर होत राहिले. १८४७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेघ उमटवणारे यंत्र वापरले, तेव्हा त्या रेघेत हृदयाच्या ठोक्यांच्या लहान लाटा श्वासाच्या मोठ्या लाटांवर स्वार झालेल्या दिसल्या. १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि १९०५ साली रशियाच्या कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणारे आवाज यांची जोड दिली आणि रक्तदाब दवाखान्याच्या टेबलावर आला. तेथे येताना मात्र त्याची लाट हरवली आणि ‘वरचा’ व ‘खालचा’ असे दोन आकडे तेवढे उरले. हृदय आकुंचन पावताना धमनीत उठणारा दाब म्हणजे वरचा, आणि दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात उरणारा तो खालचा. हे दोन आकडे उपयुक्त आहेत. पण ते अखंड हेलकावणाऱ्या रेघेतून उचललेले दोन बिंदू आहेत, हे विसरले की श्वासाविषयीच्या पुढच्या सगळ्या गोंधळाला सुरुवात होते.

मंद श्वासाने क्षणाचा दाब का उतरतो, याची यंत्रणा आज बरीच स्पष्ट आहे. मानेतील मोठ्या धमनीच्या फाट्यावर आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारे मज्जातंतूंचे शेंडे असतात. दाब वाढून धमनीची भिंत ताणली गेली की ते मेंदूच्या देठाला वर्दी देतात; मग तेथून व्हेगस या लांब चेतातंतूमार्फत हृदयाला आवर घातला जातो आणि अनुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे संकटकाळी शरीराला सज्ज करणाऱ्या विभागाचा, जोर कमी करून रक्तवाहिन्या सैल केल्या जातात. दाब घसरला की याच्या उलट घडते. या फेऱ्याला दाबप्रतिक्षेप म्हणता येईल. ताणाची वर्दी पोहोचून रक्तवाहिन्या प्रत्यक्ष सैल होईपर्यंत काही सेकंद जातात, आणि या विलंबामुळे रक्तदाबात सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट उठत राहते. १८७६ साली तिची नोंद करणाऱ्या झिग्मुंड मायर यांच्या नावाने ती ओळखली जाते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग मिनिटाला सहापर्यंत उतरवला तर प्रत्येक श्वासाला दहा सेकंद लागतात, श्वासाची लाट आणि दाबप्रतिक्षेपाची लाट एकमेकींत मिसळतात, आणि योग्य क्षणी दिलेल्या हलक्या रेट्याने झोपाळा उंच जावा तसा हृदयगतीचा हेलकावा वाढतो. शिवाय मंद श्वास स्वाभाविकपणे खोलही असतो. फुप्फुसे भरपूर फुगली की त्यांच्यातील ताणग्राहकही अनुकंपी चेतासंस्थेचा जोर काही काळ उतरवतात.

इटलीतील पाव्हिया येथील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधील ‘आव्हे मारिया’ ही जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणावयास सांगितले असता दोन्ही वेळा श्वासाचा वेग मिनिटाला जवळजवळ सहावर आला आणि दाबप्रतिक्षेपाची संवेदनशीलता वाढली. गोव्यातील ख्रिस्ती घरांतील संध्याकाळची तेर्स, म्हणजे तीच जपमाळेची प्रार्थना, वारकऱ्यांचा हरिपाठ किंवा तिन्हीसांजेचे स्तोत्र यांच्याकडे या प्रयोगानंतर वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटणे साहजिक आहे. परंतु त्या परिणामाचे कारण शब्दांच्या अर्थात नसून एका दमात म्हटल्या जाणाऱ्या ओळीच्या लांबीत होते. भाषा, चाल आणि म्हणण्याची पद्धत बदलली की ती लांबी बदलते, म्हणून पाव्हियातील निष्कर्ष जसाच्या तसा प्रत्येक जपाला चिकटवता येत नाही.

येथवरची मांडणी श्वासाच्या बाजूने भक्कम आहे, आणि नेमकी येथेच मोठी शंका उभी राहते. झोपाळ्याचा हेलकावा कितीही वाढला तरी त्याच्या कड्या ज्या तुळईला अडकवल्या आहेत ती जागची हलत नाही. मग वर्षानुवर्षांच्या दाबाची तुळई कोठे आहे? अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी आयुष्यभर या प्रश्नाचे एक उत्तर मांडले: ती मूत्रपिंडांत आहे. शरीरात मीठ आणि पाणी किती राखायचे हे मूत्रपिंडे ठरवतात. दाब वाढला की ती अधिक मीठपाणी बाहेर टाकून तो पूर्वपदावर आणतात, आणि कोणत्या दाबाला हे काम सुरू करायचे याची पातळीच वर सरकली तर दाब कायमचा वर सरकतो. गायटन यांच्या प्रयोगशाळेतून १९७३ साली आलेल्या अभ्यासात कुत्र्यांमधील दाबप्रतिक्षेपाचे मज्जातंतू तोडण्यात आले, तेव्हा दाबाचे चढउतार जवळजवळ दुप्पट झाले, पण दिवसभराची सरासरी थोडीच बदलली. याचा अर्थ असा लावण्यात आला की दाबप्रतिक्षेप हा झटके झेलणारा भाग आहे. दीर्घकालीन पातळी ठरवणे त्याच्या अखत्यारीत नाही. शिवाय दाब बराच काळ चढा राहिला की ताण ओळखणारे शेंडे त्या चढ्या दाबालाच सरावतात आणि त्यालाच योग्य मानून सांभाळू लागतात.

हे शेवटचे उत्तर असते तर श्वसनाच्या व्यायामांचा विषय येथेच संपला असता. पण मूत्रपिंडांनाही अनुकंपी चेतासंस्थेचे तंतू पोहोचतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात; म्हणजे त्या चेतासंस्थेचा जोर दीर्घकाळ उतरला, तर निदान तत्त्वतः तुळईही थोडी खाली येऊ शकते. श्वासाचा वर्षांच्या दाबाशी संबंध असतो याचा एक पुरावा तर उलट्या दिशेने मिळतो. घोरणाऱ्या काही माणसांचा श्वास झोपेत पुनःपुन्हा अडतो, या विकाराला निद्राश्वासरोध म्हणतात. अशा रात्रींमागून रात्री गेल्या की अनुकंपी चेतासंस्था दिवसाही चेतलेली राहते आणि उच्च रक्तदाब जडतो किंवा औषधांना दाद देईनासा होतो. बिघडलेला श्वास तुळई वर उचलू शकतो, हे त्यावरून कळते. मात्र त्याच विकारात रात्रभर मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वास सुरळीत ठेवला तरी वरचा दाब सरासरीने दोन-तीन मिलिमीटरच उतरतो, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. म्हणून तर्काने दार उघडे राहते, एवढेच म्हणता येते. त्या दारातून प्रत्यक्ष काही आत आले की नाही, हे रुग्णांवरील मोजमापानेच ठरते.

या मोजमापाच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण, दाबमापक आणि वायुविश्लेषण यांच्या साहाय्याने योगक्रिया तपासण्याचा त्यांचा आग्रह होता. सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाब कसा बदलतो याची मोजमापे १९२६ साली या नियतकालिकात आली. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो या लोकप्रिय समजुतीला त्यांनी स्वतःच छेद दिला आणि प्राणायामाचे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले. आजही ही समजूत टिकून आहे, पण निरोगी माणसाच्या धमनीतील रक्त साध्या श्वासानेही सुमारे ९६ ते ९८ टक्के प्राणवायूने भरलेले असते; खोल श्वासाने त्या भरलेल्या भांड्यात फारसे काही ओतता येत नाही.

पुढे १९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नावात आसन असले तरी त्या पद्धतीचा गाभा श्वासाचाच होता: उताणे पडून श्वासपटलाने, म्हणजे पोट आणि छाती यांमधल्या पडद्याने, मंद व लयबद्ध श्वास घ्यायचा, उच्छ्वासानंतर किंचित थांबायचे, आणि नाकपुडीतून आत येणाऱ्या गार हवेकडे व बाहेर जाणाऱ्या ऊन हवेकडे लक्ष ठेवायचे. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी धमनीदाब १३४ वरून १०७ वर आला, आणि औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा बरीच कमी करता आली. लंडनमधील डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ साली योगातील शिथिलीकरण आणि शरीरातील बदल यंत्रावर दाखवून शिकवण्याची पद्धत यांची सांगड घातली आणि १९७५ साली चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून तीच पद्धत पुन्हा तपासली. त्याही वेळी उपचार मिळालेल्या गटाचा दाब तुलनेत बराच उतरला.

एवढ्या मोठ्या उताराने भारावून जाण्याआधी मोजमापाच्या एका सापळ्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे. रुग्ण उपचाराला येतो तो बहुधा दाब वाढलेल्या दिवशी. पुढे काहीही न करता तो आकडा त्याच्या नेहमीच्या पातळीकडे परततो. दवाखान्याची धास्ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ओसरते, लक्ष ठेवणारे कोणी आहे या जाणिवेने गोळ्या आणि पथ्य दोन्ही नीट पाळले जातात, आणि उपचारावरील विश्वासही आपला वाटा उचलतो. या सगळ्याची बेरीज किती होते हे २०१४ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. मूत्रपिंडांकडे जाणारे अनुकंपी तंतू उष्णतेने जाळण्याची शस्त्रक्रिया ५३५ रुग्णांवर तपासताना एका गटावर खरी आणि दुसऱ्यावर केवळ नावापुरती प्रक्रिया करण्यात आली. पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी १४ मिलिमीटरने उतरला, आणि ज्यांच्यावर प्रत्यक्षात काहीच केलेले नव्हते त्यांचाही जवळजवळ १२ मिलिमीटरने. तोतया उपचाराने १२ मिलिमीटर उतरत असतील, तर तुलना-गट नसलेल्या कोणत्याही अभ्यासातील उतार, मग तो शस्त्रक्रियेचा असो की श्वासाचा, त्यातून तेवढा भाग वजा केल्याशिवाय वाचता येत नाही. दाते यांच्या अभ्यासाचे ऐतिहासिक मोल यामुळे उणावत नाही. त्यातील आकडे मात्र अंतिम मानता येत नाहीत.

बेर्नार्दी यांच्याच गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. उच्च रक्तदाबाच्या २० रुग्णांनी काही मिनिटे मिनिटाला सहा या वेगाने श्वास घेतला, तेव्हा वरचा दाब १४९.७ वरून १४१.१ वर आणि खालचा ८२.७ वरून ७७.८ वर आला. लोकप्रिय लेखांत येथवरची गोष्ट येते. त्याच रुग्णांना मिनिटाला १५ या जवळजवळ नेहमीच्याच वेगाने, पण ठरावीक तालावर श्वास घ्यायला लावले, तेव्हाही वरचा दाब १४२.८ वर आला होता, हे सहसा सांगितले जात नाही. वरच्या दाबातील उताराचा मोठा वाटा नुसते शांत बसून तालाकडे लक्ष देण्याने मिळाला. मंदपणाची खास भर पडली ती खालच्या दाबात आणि दाबप्रतिक्षेपाच्या सुधारणेत. आणि हा सारा हिशेब क्षणाच्या दाबाचा आहे.

वर्षांच्या नाही तरी निदान आठवड्यांच्या दाबाचा पुरावा एका यंत्राभोवती जमा झाला आहे. छातीला पट्टा बांधून श्वास ओळखणारे आणि कानांत सूर वाजवून तो मिनिटाला दहाच्या खाली नेणारे ‘रेस्पिरेट’ हे यंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मान्यता दिलेले आहे. २०१२ साली त्यावरील आठ चाचण्यांचा, एकूण ४९४ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला गेला. वरचा दाब सरासरी ३.६७ आणि खालचा २.५१ मिलिमीटरने उतरल्याचे दिसले. परंतु यंत्राच्या उत्पादकाचा पैसा किंवा सहभाग असलेल्या पाच चाचण्या बाजूला ठेवल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. तत्पूर्वीच्या पिढीत ज्या गोष्टीला योगाचे माहात्म्य म्हणून फुगवले गेले, तिलाच बाजाराने यंत्राचे माहात्म्य म्हणून फुगवावे, यातील साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने औषधाबाहेरच्या उपायांची प्रतवारी लावली तेव्हा यंत्राच्या सुरावर घेतलेल्या मंद श्वासाला वापरण्यास योग्य अशी श्रेणी मिळाली आणि योगाला ती मिळाली नाही. श्वास तोच होता; त्याच्याभोवती चाचण्या उभ्या करण्याचे आर्थिक बळ एकाकडे होते आणि दुसऱ्याकडे नव्हते.

चित्र गुंतागुंतीचे करणारा आणखी एक अभ्यास २०२१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातून आला. त्यात ५० ते ७९ वयाच्या ३६ माणसांपैकी एका गटाने रोज ३० वेळा, आठवड्याचे सहा दिवस, अडथळा असलेल्या नळीतून जोर लावून श्वास आत ओढला. सहा आठवड्यांत त्यांचा वरचा दाब सरासरी ९ मिलिमीटरने उतरला, तर नाममात्र अडथळ्याची नळी दिलेल्या गटात तसा उतार दिसला नाही. सराव थांबवल्यानंतरही काही आठवडे लाभाचा मोठा भाग टिकून होता. अभ्यास लहान आहे, पण त्यात तोतया उपचाराशी तुलना आहे. आणि त्यातील श्वास शांतवणारा मुळीच नसून तालमीतल्या जोरबैठकांच्या जातीचा आहे. म्हणजे श्वासाचा दाबावरील परिणाम शिथिलीकरणाच्या एकाच वाटेने होतो, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते.

येथे ‘प्राणायाम’ या सरसकट नावातून निर्माण होणारा धोका स्पष्ट होतो. परंपरेने श्वासाच्या आत घेण्याला पूरक, बाहेर सोडण्याला रेचक आणि रोखण्याला कुंभक म्हटले आहे, आणि ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात सूर्यभेदन, उज्जायी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी इत्यादी आठ प्रकार कुंभक याच नावाखाली येतात. त्यांत श्वास रोखणे हे केंद्रस्थानी आहे. कपालभाती तर त्या ग्रंथात प्राणायाम म्हणून येतच नाही, ती सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे. रक्तदाबाच्या दृष्टीने या भेदांना मोठा अर्थ आहे. छाती भरून, बंध लावून श्वास दीर्घकाळ रोखला की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि श्वास सोडताच धमनीतील दाब उसळी घेतो. भस्त्रिकेसारख्या जलद श्वसनाने रक्तातील कर्बवायू उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ येते. अनावर रक्तदाबाच्या रुग्णाला हे दोन्ही प्रकार वर्ज्य ठरतात, आणि एकाच शिबिरात एकाच आवाजाच्या तालावर शेकडो माणसांकडून ते करून घेण्यात ज्या परंपरेचे नाव घेतले जाते, तिचाच अवमान होतो. कारण वन्य पशूला माणसाळवावे तसे प्राणाला हळूहळू वश करावे, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा इशारा त्या ग्रंथानेच देऊन ठेवला आहे. दुसऱ्या टोकाला, मुंजीनंतरच्या संध्येतील प्राणायामाचे मराठी घरांत ‘नाक धरून बसणे’ झाले आणि क्रिया उरून श्वास हरवला. रक्तदाबासाठी ज्याला काहीएक आधार आहे तो प्रकार या दोन्हींहून साधा आहे: नाकाने, श्वासपटल वापरून, मिनिटाला सहा ते दहा या वेगाने, उच्छ्वास थोडा लांब ठेवून, न रोखता आणि न ताणता रोज दहा-पंधरा मिनिटे घेतलेला श्वास.

यावर एक तात्त्विक आक्षेप घेतला जातो. प्राणायामाचे प्रयोजन चित्ताची स्थिरता हे असून त्याला पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजणे म्हणजे गंगेचे पाणी मापट्याने मोजण्यासारखे आहे, असे काही साधक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण मग त्याच तोंडाने रक्तदाब बरा होतो असे सांगता येत नाही. दावा मिलिमीटरांत केला की निवाडाही मिलिमीटरांतच मान्य करावा लागतो. उलट बाजूने, श्वासासारख्या साध्या गोष्टीने काय होणार असे म्हणून हसणाऱ्या डॉक्टरांनी मुंबईतल्याच एका घटनेचे स्मरण ठेवणे योग्य ठरेल. सर्पगंधेची मुळी या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर अभ्यास करून १९४९ साली तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. लोकपरंपरेतील एक मुळी जगभरच्या औषधपेटीत गेली ती मात्रा, मोजमाप आणि प्रसिद्धी या तीन पायऱ्यांनी. आणि मन खिन्न होण्यासारखे तिचे दुष्परिणाम उजेडात आले तेही त्याच पायऱ्यांनी. श्वासाला पेटंट नसल्याने त्याच्यासाठी या पायऱ्या बांधण्याचे काम कोणी कंपनी करणार नाही. ते सार्वजनिक संस्थांनाच करावे लागेल. लोणावळ्यात ज्या कामाचा आरंभ शंभर वर्षांपूर्वी झाला, ते मोठ्या, तोतया श्वसनाशी तुलना करणाऱ्या आणि २४ तास दाब मोजणाऱ्या चाचण्यांपर्यंत नेणे हे त्या वारशाचे खरे जतन होय.

तोवर रुग्णाने काय करावे, याचे उत्तर जुन्याच एका शब्दात सापडते. आयुर्वेदाने औषध आणि पथ्य असा भेद केला आहे. पथ्य हे औषधाच्या जोडीने पाळायचे असते, आणि त्याच्या जिवावर औषध टाकून देण्याला तेथेही जागा नाही. औषधाचे स्थान का हलवता येत नाही हे १९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासाने दाखवले होते: खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी औषध मिळालेल्यांत दोघांना गंभीर इजा झाली, आणि निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत २७ जणांना. पुढे ४८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असेही दिसले की वरचा दाब औषधाने ५ मिलिमीटरने उतरवला तरी हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात. या दुसऱ्या आकड्यामुळे श्वासाच्या तीन-चार मिलिमीटरांकडे तुच्छतेने पाहता येत नाही, आणि पहिल्यामुळे त्यांच्यावर विसंबताही येत नाही. श्वासाच्या सरावाचा लाभ खरोखर होतो की नाही हे प्रत्येकाला स्वतःपुरते तपासता येते, पण त्यासाठी आकडा सरावानंतर लगेच घ्यायचा नसतो, कारण तेव्हा मिळतो तो क्षणाचा दाब. सराव सुरू करण्यापूर्वी आठवडाभर आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, पाठ टेकून पाच मिनिटे बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेल्या आकड्यांच्या सरासरीत फरक पडला, तर वर्षांच्या दाबाकडे निदान बोट दाखवता येते. गोळीची मात्रा कमी करण्याचा निर्णय त्या नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

श्वासाचे आकर्षण केवळ अज्ञानातून येत नाही, हेही समजून घ्यावे लागते. उच्च रक्तदाब दुखत नाही. न दुखणाऱ्या व्याधीसाठी जन्मभर गोळी घेणे अनेकांना हार मानल्यासारखे वाटते, आणि श्वास आपल्या हातात असतो, फुकट असतो, आपल्या मातीतला असतो. ही भावना आदरास पात्र आहे, परंतु तिच्यात एक विसंगती दडलेली असते. सकाळची एक गोळी ज्याच्याकडून नियमाने घेतली जात नाही, त्याच्याकडून रोज पंधरा मिनिटांचा सराव वर्षानुवर्षे होईल, ही अपेक्षा फारशी व्यवहार्य नाही. शिवाय सगळी जबाबदारी रुग्णाच्या नाकावर टाकली की बाकीचे घटक नजरेआड होतात: जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा पापड, लोणचे, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ यांत सहज ओलांडली जाते, पाळीचे काम झोप तोडते, आणि शहरातील गोंगाट थांबत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. इतक्या पसरलेल्या व्याधीचे कारण इतक्या लोकांच्या चुकीच्या श्वासात शोधणे हास्यास्पद ठरेल.

२०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या क्रमाने स्वस्त औषधे देणे, प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवणे आणि दर महिन्याचा आकडा त्यावर लिहिणे, एवढाच त्याचा साधा गाभा आहे. श्वसनाच्या सरावाला योग्य जागा कोठे आहे, असे विचारले तर ती या कार्डावर आहे: गोळीच्या ओळीखाली, मिठाच्या ओळीशेजारी, रोज किती मिनिटे केला याच्या नोंदीसह. हजारो कार्डांवर अशी नोंद काही वर्षे होत राहिली, तर कोणत्या प्रश्नावर नीट आखलेली चाचणी घ्यायची हे त्यांतूनच सुचेल, आणि तोवर रुग्णाच्या धमन्यांना गोळीचे संरक्षण मिळत राहील.